वारसा आणि बोजा

इंग्लंडच्या यॉर्कशायर परगण्यात, लीड्स आणि हॅरोगेट या दोन शहरांच्या मध्ये, हेअरवुड नावाचे एक गाव आहे. गावालगतच्या विस्तीर्ण उपवनात त्याच नावाचा प्रासाद उभा आहे. इंग्लंडात अशा शेकडो वास्तू आहेत आणि त्यांना 'कंट्री हाउस' असे साधे नाव आहे. ते नाव ऐकून शेतावरचे एखादे घर डोळ्यांसमोर आणू नये. भोवतीची हजारो एकर जमीन, तिच्यावरची कुळे, चर्चमधील नेमणुका आणि पार्लमेंटातील जागा या साऱ्यांचे ते केंद्र असे. आपल्याकडील गढी, वाडा आणि कचेरी या तिन्हींचे काम ती एकच वास्तू करीत असे.

हेअरवुड या साऱ्यांत देखणे मानले जाते. परंतु आम्ही त्याचा इतिहास येथे मांडीत आहोत तो त्याच्या सौंदर्यासाठी नव्हे. त्या घराने आपल्या मालकांपुढे एक प्रश्न ठेवला, आणि बहुतेक श्रीमंत घराणी जो प्रश्न कानाआड करतात तो या घराण्याच्या एका पिढीने ऐकून घेतला. प्रश्न असा : पूर्वजांनी अन्यायाने मिळविलेली संपत्ती सरळ मार्गाने, कायदेशीर वारसा म्हणून, आपल्याकडे आली असेल, तर त्या अन्यायाचे आपण काही देणे लागतो काय? लागत असल्यास ते किती, कोणाला आणि किती पिढ्यांपर्यंत?

प्रथम घराची हकीकत पाहू.

हेन्री लासेल्स हा या वैभवाचा मूळ पुरुष. जन्म १६९० चा. तरुणपणी तो वेस्ट इंडीजमधील बार्बाडोस या लहानशा बेटावर गेला आणि तेथे जकात वसूल करणारा अधिकारी झाला. बार्बाडोसहून बाहेर जाणाऱ्या मालावर साडेचार टक्के जकात असे आणि तो माल म्हणजे मुख्यतः साखर. ही जकात राजाच्या खजिन्यात पूर्णपणे पोहोचत नाही, अशा तक्रारी झाल्या, चौकश्याही झाल्या. पण लंडनमधील वजन कामी आले आणि घराण्याला त्याची झळ लागली नाही. आयुष्याची तीस-बत्तीस वर्षे सरकारी दप्तरांत घालविलेल्या आमच्यासारख्या माणसाला हा भाग वाचताना आश्चर्य वाटत नाही. वसुलीचे खाते, दूरचा मुलूख आणि राजधानीतले ओळखीचे लोक ही तिन्ही एकत्र आली की काय घडते, हे कोणत्याही काळात फारसे वेगळे नसते.

जकातीपेक्षा मोठे उत्पन्न मात्र दुसरीकडून आले. लंडनला परतून हेन्रीने जॉर्ज मॅक्सवेल या भागीदारासह साखरेची अडत आणि सावकारी सुरू केली. मळेवाल्यांना तो कर्ज देई, त्यांची साखर विकून देई आणि दोन्हीकडून नफा घेई. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून माणसे विकत घेऊन नेण्याच्या व्यापारातही त्याची भागी होती. १७३० नंतरच्या दशकाच्या अखेरीस त्याने यॉर्कशायरमध्ये हेअरवुड आणि गॉथॉर्प ही शेजारशेजारची जहागीर विकत घेतली. १७४५ मध्ये तो पार्लमेंटचा सभासद झाला आणि १७५३ मध्ये वारला.

साखर, अडत, गहाण, कर्ज हे सारे शब्द आपल्या ओळखीचे असल्यामुळे त्यांच्या आड काय होते ते नजरेतून निसटण्याचा संभव आहे. गहाण ठेवली जाई ती केवळ जमीन नव्हे. गहाणखतात मळा, घाणा, चुलाणे आणि गुरे यांच्याबरोबर माणसेही लिहिलेली असत. मळ्यांच्या याद्यांत नाव, वय, काम आणि किंमत असे रकाने असत. म्हाताऱ्या, निकामी झालेल्या माणसाची किंमत शून्यही असे. उसाच्या हंगामात घाणा आणि चुलाणे रात्रंदिवस चालत. झोपेच्या गुंगीत हात घाण्यात सापडे किंवा उकळत्या रसाने अंग भाजून निघे. बार्बाडोसमध्ये जितकी माणसे आणली गेली तितकी टिकत नसत, म्हणून पुन्हा नवी आणावी लागत. कर्ज बुडाले की हे सारे मिळकतीसह सावकाराकडे येई. हेन्रीच्या पश्चात त्याचा मुलगा एडविन याच्या काळात अशीच अनेक कर्जे थकली आणि १७७३ ते १७८७ या अवघ्या चौदा वर्षांत लासेल्स घराण्याकडे वेस्ट इंडीजमधील २७,००० एकरांहून अधिक जमीन आली.

हा एडविन हेअरवुडचा खरा निर्माता. १७५९ मध्ये पायाचा दगड बसला आणि १७७१ मध्ये कुटुंब नव्या घरात राहावयास आले. इमारतीचा आराखडा यॉर्कच्या जॉन कार याचा, अंतर्भागाची सजावट रॉबर्ट ॲडम याची, भोवतीचे तळे आणि उपवन 'केपेबिलिटी' ब्राऊन या त्या काळच्या अग्रगण्य उद्यानरचनाकाराचे. लाकडी सामान केले थॉमस चिपेंडेल याने. तो जवळच्याच ऑटली गावचा सुताराचा मुलगा आणि पुढे सगळ्या इंग्लंडात त्याचे नाव झाले. हेअरवुडचे काम हे त्याला मिळालेले सर्वांत मोठे काम होते. १७७३ मध्ये त्याने केलेला घुमटाकार छताचा शाही पलंग आजही तेथे आहे. त्या काळच्या इंग्लिश कारागिरांचे आवडते महोगनी लाकूड कॅरिबियन किनाऱ्यावरून येत असे. म्हणजे घर ज्या पैशाने उभे राहिले तो, आणि घरातल्या टेबलांचे जे लाकूड वाखाणले जाते ते, दोन्ही एकाच दिशेच्या जहाजांनी आले. पुढे तरुण टर्नर येथे येऊन घराची आणि उपवनाची चित्रे काढून गेला. चित्रांत तळे आहे, हरणे आहेत, पिवळसर दगडाची शांत इमारत आहे. ऊस कोठेही दिसत नाही.

एडविन निपुत्रिक वारला, १७९५ मध्ये. मिळकत चुलतभावाकडे गेली. हा चुलतभाऊ एडवर्ड जन्माने बार्बाडोसचा होता. तो १८१२ मध्ये हेअरवुडचा पहिला अर्ल झाला. जकात अधिकाऱ्यापासून सरदारपदापर्यंतचा प्रवास साधारण शंभर वर्षांत पुरा झाला.

याच काळात गुलामगिरीच्या विरोधातील चळवळ जोर धरीत होती आणि तिचा पार्लमेंटातील नेता विल्यम विल्बरफोर्स हा यॉर्कशायरचाच प्रतिनिधी होता. यॉर्कशायरला दोन जागा होत्या आणि १७९६ ते १८०६ अशी दहा वर्षे या दोन जागांवर एकीकडे विल्बरफोर्स आणि दुसरीकडे एडवर्डचा मुलगा हेन्री लासेल्स बसत होते. गुलामांच्या व्यापाराचा सर्वांत मोठा विरोधक आणि गुलामांच्या श्रमावर पोसलेल्या घराचा वारस हे एकाच परगण्याचे जोडीदार खासदार होते. मार्च १८०७ मध्ये गुलामांच्या व्यापारावर बंदी घालणारा कायदा झाला आणि लगेच निवडणूक आली. या वेळी दोन जागांसाठी तिघे उभे होते. खर्चाच्या बाबतीत ही निवडणूक कुप्रसिद्ध ठरली. लासेल्स आणि त्याचा प्रतिस्पर्धी लॉर्ड मिल्टन या दोघांच्या घराण्यांनी मिळून दोन लाखांच्या घरात पौंड उधळले असे म्हणतात. विल्बरफोर्स पहिला आला, मिल्टन दुसरा. लासेल्स दोनशेहूनही कमी मतांनी पडला.

व्यापार बंद झाला, गुलामी मात्र चालू राहिली. ती संपविणारा कायदा १८३३ मध्ये झाला आणि १ ऑगस्ट १८३४ पासून अमलात आला. त्यानंतरही मुक्त झालेल्या बहुसंख्य माणसांना १८३८ पर्यंत 'उमेदवार' या नावाखाली जुन्याच धन्यांकडे बिनमजुरी राबावे लागले. या कायद्याने दोन कोटी पौंडांची नुकसानभरपाई मंजूर केली. ती मिळाली मालकांना. ज्यांचे आयुष्य गेले त्यांना एक पैसाही नाही. निवडणुकीत पडलेला हेन्री आता दुसरा अर्ल झाला होता. त्याला सहा मळ्यांवरील १,२७७ माणसांबद्दल सुमारे २६,३०० पौंड मिळाले. म्हणजे माणशी वीस पौंडांच्या आसपास. सरकारने या भरपाईसाठी काढलेल्या कर्जाचा शेवटचा अंश २०१५ साली फिटला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बार्बाडोस-जमैकाहून ब्रिटनमध्ये येऊन बस चालविणाऱ्या, इस्पितळांत परिचारिका म्हणून राबणाऱ्या लोकांनीही कर भरले. ज्यांचे पूर्वज विकले गेले त्यांनीही, नकळत, विकणाऱ्यांच्या भरपाईचा हप्ता फेडला.

पुढची हकीकत आम्ही थोडक्यात सांगतो. तिसऱ्या अर्लच्या काळात चार्ल्स बॅरी या वास्तुविशारदाने घराचे रूप पालटले. सहाव्या अर्लने १९२२ मध्ये राजा पंचम जॉर्ज याची कन्या मेरी हिच्याशी विवाह केला. दोन्ही महायुद्धांत घराचे रुग्णालय झाले. सहावा अर्ल १९४७ मध्ये वारला, तेव्हा वारसा कर भागविण्यासाठी जमिनीचा मोठा भाग विकावा लागला. सातवा अर्ल जॉर्ज हा संगीत नाटकांचा मोठा जाणकार म्हणून प्रसिद्ध होता. त्याच्याच काळात, १९८६ मध्ये, घर आणि संग्रह एका सार्वजनिक विश्वस्त संस्थेच्या हाती देण्यात आले. बार्बाडोसमधील घराण्याचा शेवटचा मळा विकला गेला तो १९७५ मध्ये. गुलामी संपल्यावरही जवळजवळ दीडशे वर्षे ती मालकी चालू होती, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. 'फार जुनी गोष्ट' असे आपण ज्याला म्हणतो ती कित्येकदा परवापर्यंत चालत आलेली असते.

२०११ मध्ये सातवा अर्ल वारला आणि डेव्हिड लासेल्स हा आठवा अर्ल झाला. तत्पूर्वीच प्रश्नाला वाचा फुटली होती. लासेल्स-मॅक्सवेल पेढीची बरीचशी पत्रे १९४० च्या लंडनवरील बॉम्बवर्षावात जळून गेली होती. परंतु घराण्याच्याच संग्रहात वेस्ट इंडीजच्या मळ्यांचे काही कागद सापडले. ते जाळून टाकणे किंवा पुन्हा पेटीत ठेवणे अशक्य नव्हते. ते जतनासाठी यॉर्क विद्यापीठाच्या अभिलेखागारात देण्यात आले आणि अभ्यासकांना खुले झाले. आमच्या मते या सर्व हकीकतीतील हे पहिले नैतिक कृत्य. २००७ मध्ये, व्यापारबंदीच्या कायद्याला दोनशे वर्षे झाली तेव्हा, त्रिनिदादमध्ये वाढलेल्या जेराल्डिन कॉनर यांचा 'कार्निव्हल मसाया' हा भव्य संगीतप्रयोग हेअरवुडच्या आवारात झाला. कॅरिबियन वंशाचे अनेक गायक-नर्तक त्यात होते. पुढे भिंतींवरील पूर्वजांच्या तसबिरींशेजारी 'न काढलेल्या तसबिरी' लावण्याचा उपक्रम सुरू झाला. लीड्समधील वेस्ट इंडियन कार्निव्हलचे एक संस्थापक आर्थर फ्रान्स यांची तसबीर त्यात आली. त्यानंतर २०२३ मध्ये नट डेव्हिड हेअरवुड यांची आली. या नटाचे आईवडील बार्बाडोसचे. त्यांचे पूर्वज याच घराण्याचे गुलाम होते आणि आडनाव चिकटले ते धन्याच्या जहागिरीचे. अर्लच्या पदवीत जो शब्द आहे तोच त्यांच्या आडनावात आहे. एकाच्या नावात तो मालकीहक्क म्हणून आला, दुसऱ्याच्या नावात मालकीची खूण म्हणून. त्याच वर्षी या अर्लने अशाच पूर्वजांच्या अन्य काही वंशजांसह 'हेअर्स ऑफ स्लेव्हरी' नावाचा गट स्थापन केला. कॅरिबियन राष्ट्रांच्या भरपाईच्या मागणीला पाठिंबा देणे हे त्याचे काम.

हकीकत येथवर. आता तिचा विचार.

या प्रश्नाला पहिले उत्तर मिळते ते असे : जे घडले ते घडविणारे मेले, ज्यांच्यावर घडले तेही मेले, आजच्या माणसाने काय करावयाचे? हे उत्तर आपल्याला वाल्याच्या कथेतून परिचित आहे. वाल्या वाटसरूंना लुटून कुटुंब पोशीत होता. नारदांनी विचारले, या पापात बायकोमुले वाटेकरी आहेत काय? तो घरी जाऊन विचारून आला. सर्वांनी हात झटकले. पाप ज्याचे त्याच्या माथी. कुटुंबाचे हे म्हणणे न्यायाचेच होते. अपराध हा कर्त्याचा असतो, तो वारशाने येत नाही. आजोबांनी खून केला म्हणून नातवाला फाशी देणारा समाज रानटी समजावा लागेल. डेव्हिड लासेल्स यांनीही जाहीरपणे हीच भूमिका घेतलेली आहे की, पूर्वजांच्या कृत्याबद्दल स्वतःला अपराधी वाटून घेण्यात काही हशील नाही. जबाबदारी मात्र टाळता येत नाही.

परंतु वाल्याच्या कथेत एक जागा रिकामी आहे आणि आमच्या मते आपण ती पुरेशी पाहिलेली नाही. कुटुंबाने पाप नाकारले. रांजणातले खडे वाल्याचे ठरले. पण लुटीचे काय? घरात धान्य होते, भांडी होती, अंगावर वस्त्रे होती. ती कोणाची होती? बायकोमुलांनी 'पापात वाटा नाही' असे सांगितले, 'लुटीतही वाटा नको' असे कोणी सांगितले नाही. वाल्याचा वाल्मीकी झाला, त्याचा उद्धार झाला, जगाला महाकाव्य मिळाले. जे वाटसरू लुटले गेले त्यांच्या घरी कोणी परत गेले काय, हे कथा सांगत नाही. कथेचा विषय तो नाही, हे खरे. पण पापाचा वारसा आणि लाभाचा वारसा या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्या रिकाम्या जागेतून लख्ख दिसते. पहिला नाकारण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. दुसरा स्वीकारल्यावर मात्र त्याच्या हिशेबाला नाही म्हणता येणार नाही.

आपल्या जुन्या धर्मशास्त्राने हा विचार बारकाईने केलेला आहे. जो मिळकत घेतो त्याने ऋणही फेडावे, हा याज्ञवल्क्याचा दंडक. त्यावरील 'मिताक्षरा' ही विज्ञानेश्वराची टीका चालुक्यांच्या कल्याणीत, म्हणजे आजच्या बसवकल्याण येथे लिहिली गेली. मराठी मुलखाच्या उंबरठ्यावरचेच ते गाव. स्मृतिकारांनी पिढ्यांचाही हिशेब केला : मुलाने व्याजासह फेडावे, नातवाने केवळ मुद्दल द्यावे, पणतूवर मिळकत हाती आली असेल तरच भार. काळाबरोबर देणे हलके होते, हे त्यांनी जाणले. पण मिळकत शिल्लक असेतो ते शून्य होत नाही, हेही जाणले. दारू, जुगार, व्यभिचार यांसाठी बापाने काढलेले कर्ज मात्र मुलाने फेडण्याचे कारण नाही, असा अपवाद त्यांनी ठेवला. आधुनिक कायद्याने २००५ च्या हिंदू वारसा दुरुस्तीने हे 'पवित्र कर्तव्य' नव्या कर्जांपुरते संपुष्टात आणले आणि ते योग्यच झाले. मुलगा आता बापाच्या शब्दाचा जामीन नाही.

येथे एक शंका निघेल. अनीतीचे कर्ज फेडू नये असा अपवाद असेल, तर गुलामगिरीसारख्या महाअनीतीचे देणे वारसाने का द्यावे? शंका वरवर सयुक्तिक आहे. पण अपवादाचे कारण पाहावे. जुगारासाठी पैसे देणारा सावकार अनीतीत सामील असतो, म्हणून धर्म त्याला वसुलीचा हक्क नाकारतो. हेअरवुडच्या प्रकरणात धनको कोण? अनीतीत सामील झालेला सावकार नव्हे. ज्याच्यावर अनीती झाली तो. त्याचे देणे बुडविण्यास तो अपवाद आधार देत नाही. उलट १८३४ मध्ये जे झाले ते धर्मशास्त्राच्याही विपरीत होते : जो अनीतीत सामील त्याची वसुली झाली, आणि जो खरा धनको त्याचे नावही खात्यावर लागले नाही.

महसूल खात्यात आम्ही उमेदीची वर्षे काढली, त्यामुळे आम्हाला हा प्रश्न 'बोजा' या शब्दाने अधिक नीट उमगतो. जमिनीवर कर्जाचा बोजा असेल तर तो दप्तरी नोंदलेला असतो. मालक मरो, वारस येवो, वाटण्या होवोत, बोजा जमिनीबरोबर जातो. वारसाची नोंद करताना त्याला कोणी अपराधी म्हणत नाही. एवढेच सांगतात की, बाबा, ही जमीन मोकळी नाही. तोही चिडत नाही, कारण जमीन घेताना बोजाही घ्यावा लागतो हे त्याला ठाऊक असते. इतिहासातील अन्यायाचा विचार पापाच्या भाषेत केला की माणसे एक तर चिडतात, नाही तर रडतात, आणि दोन्हींनी काही साधत नाही. बोजाच्या भाषेत केला की प्रश्न शांतपणे पुढे येतो : नोंद आहे काय? नसेल तर आधी नोंद करा. फेड कशी, किती, हे त्यानंतर.

म्हणूनच हेअरवुडच्या हकीकतीत आम्ही कागद खुले करण्याला पहिले स्थान देतो. नोंद हीच फेडीची पहिली पायरी होय. ब्रिटनमधील 'नॅशनल ट्रस्ट' या संस्थेने २०२० मध्ये आपल्या ताब्यातील ९३ स्थळांचा वसाहती आणि गुलामगिरी यांच्याशी असलेला संबंध एका अहवालात मांडला, तेव्हा केवढा गहजब झाला! देशाच्या इतिहासाची बदनामी चालली आहे, असे अनेकांना वाटले. वस्तुतः त्यांनी एकही भिंत पाडली नव्हती. बोजा नोंदविला होता, इतकेच. ज्यांना मिळकत निर्वेध दाखवावयाची असते त्यांना नोंदीचाच राग येतो.

दुसरे उत्तर याहून चतुर असते. जगात निष्कलंक संपत्ती आहेच कोणाची? प्रत्येक राजवाड्याच्या पायात कोणाचा तरी घाम आणि रक्त आहे. मग एकाच घराला का धरावयाचे? या युक्तिवादात तथ्य आहे आणि ते आपल्या दारापर्यंत येते, हे नाकारण्यात अर्थ नाही. आमचे स्वतःचे घराणे गायकवाडी राज्यात पूर्वापार स्थायिक झालेले. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर येथील आपल्यापैकी अनेकांचे वाडे, इनामे आणि वर्षासने ही चौथाई, सरदेशमुखी आणि मुलूखगिरी यांच्या उत्पन्नातून आलेली आहेत. मुलूखगिरीची फौज काठेवाडात उतरे तेव्हा गावकरी काय सोशीत, याची बखर लिहिली ती वसूल करणाऱ्यांच्या बाजूने. इंग्रज रेसिडेंट कर्नल वॉकर याने काठेवाडची खंडणी कायमची ठरवून ती स्वारी थांबविली ते साल १८०७. लासेल्स निवडणुकीत पडला तेच. खंडणी आणि गुलामी या एका मापाने मोजावयाच्या गोष्टी नव्हेत. माणसाला वंशपरंपरेने वस्तू करून टाकणे हा निराळाच अधर्म आहे. स्वातंत्र्यानंतर इनामे आणि जहागिरी गेल्या, कुळांना जमिनी मिळाल्या, म्हणजे आपला बराचसा बोजा कायद्याने, आपल्या मनाविरुद्ध का होईना, फिटला. तरीही घराण्याचा इतिहास लिहिताना आपण सनदेची तारीख लिहितो, सनदेतील गावाचे नाव लिहितो. त्या गावाने काय दिले ते लिहीत नाही. 'सर्वांचेच हात मळलेले' हे विधान खरे असेल, तर त्यातून 'म्हणून कोणीच धुऊ नयेत' हे निष्पन्न होत नाही. 'म्हणून प्रत्येकाने आपापले धुवावेत' हे निष्पन्न होते.

तिसरे उत्तर सौंदर्याचे. एवढी सुंदर वास्तू, एवढी कला. तिने मूळचा कलंक धुऊन निघाला नाही काय? आम्हाला वाटते, सौंदर्य खरेच आहे, आणि ते नाकारण्याची गरज नाही. चिपेंडेलचे कसब चिपेंडेलचे आहे; त्याच्या हातांनी कोणाला लुटले नाही. पण कारागिराची पुण्याई मालकाच्या खाती जमा धरता येत नाही. सुंदर घर पाडून टाकल्याने बार्बाडोसमधल्या कोणाचेही पोट भरणार नाही. ते सुंदर घर संपूर्ण हकीकतीसह दाखविणे, त्याच्या दिवाणखान्यात ज्यांना कधी पाऊल टाकता आले नसते त्यांच्या वंशजांची तसबीर सन्मानाने लावणे, हे सौंदर्याला अधिक प्रामाणिक करणे आहे.

एवढ्याने बोजा फिटतो काय? नाही. तसबीर म्हणजे फेड नव्हे, आणि संगीताचा कार्यक्रम म्हणजे मुद्दल नव्हे. २०१३ मध्ये कॅरिबियन राष्ट्रांनी भरपाईसाठी आयोग नेमला आणि पुढील वर्षी दहा कलमी मागणी मांडली. तिच्यात औपचारिक क्षमायाचना आहे, आरोग्य आणि शिक्षण आहे, कर्जमाफी आहे. एका घराण्याच्या आवाक्यातले ते नाही. ज्या राज्याने कायदा केला, जकात घेतली आणि मालकांना भरपाई दिली त्या राज्याचाच तो विषय आहे. ट्रेव्हेलियन घराण्याने २०२३ मध्ये ग्रेनाडा बेटावर जाऊन क्षमा मागितली आणि एक लाख पौंड देऊ केले. काहींनी त्याचे कौतुक केले, काहींनी त्याला समुद्रातील थेंब म्हटले. दोन्ही म्हणणी खरी आहेत. जे देणे पुरते फिटणे शक्य नाही त्याच्याबाबत मनुष्यापुढे दोनच मार्ग असतात : शक्य नाही म्हणून खाते बंद करावे, किंवा शक्य तेवढे भरीत राहून खाते चालू ठेवावे. आपल्या परंपरेने देवऋण, ऋषिऋण, पितृऋण कल्पिले ते पूर्ण फिटतील म्हणून नव्हे. माणूस ऋणको आहे ही जाणीव त्याने जन्मभर बाळगावी, यासाठी ती योजना होती. पितृऋणात आजवर आपण पितरांकडून काय मिळाले एवढेच मोजले. पितरांनी दुसऱ्यांकडून काय घेतले, हेही त्याच ऋणाचे अंग मानावयास हवे, असे आम्हास वाटते.

आणि यात पितरांचा अनादर नाही. श्राद्ध आपण पितरांच्या नावे करतो ते त्यांच्या राहून गेलेल्या गोष्टी पुऱ्या व्हाव्यात म्हणून. ज्याच्या नावे देणे शिल्लक आहे त्याच्या वंशजाने ते मान्य करणे, हे त्याच्या नावाला काळिमा लावणे नसून त्याच्या डोक्यावरचा भार उतरविणे आहे. हेअरवुडच्या जुन्या अर्लांना हे पटले असते की नाही, हा प्रश्न गौण होय. खाते त्यांच्या नावावर होते तोवर त्यांनी बोजा नोंदू दिला नाही. आता खाते दुसऱ्याच्या नावावर आहे.

मिळकत प्रत्येक पिढीकडे नव्या नोंदीने येते आणि ती नोंद खरी लिहिणे हे त्या त्या पिढीचे काम असते. यॉर्कशायरमधील एका घराण्याने अडीचशे वर्षांनी आपली नोंद दुरुस्त करावयास घेतली आहे. आपापल्या घरातील जुन्या सनदा, फर्मा आणि वंशावळी ज्यांच्याजवळ अद्याप आहेत, त्यांनी त्या केवळ चौकटीत लावून न ठेवता एकदा इतर हक्कांच्या रकान्यासह वाचून पाहाव्यात, एवढेच आमचे सांगणे.